काट्यांखालचं पाणी

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात पाथर्डीकडच्या एका दुष्काळी कामावर माझी नेमणूक होती. मी आरोग्य खात्यातला, सुया टोचणारा माणूस. पोरं मला बघून आयांच्या मागं लपायची. तिथं खडी फोडणाऱ्यांना पाणी पाजायला गहिनीनाथ होता. साठी ओलांडलेला, काटकुळा, आणि पाण्याच्या बाबतीत भलताच छळवादी. तहान नसली तरी तांब्या पुढं करायचा. "घ्या की साहेब, पानीच हाय." मी वैतागायचो. त्याची बायको राहीबाई हसायची. "त्यास्नी न्हाई म्हनू नका. घरात कुनी नुसतं शिंकलं तरी उशाला तांब्या ठिवत्यात."

त्याचं कारण त्यानंच एकदा सांगितलं. अठरा सालच्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत तो सहा वर्षांचा होता. घरात सगळे तापानं पडलेले, रांजण कोरडा. आई पाणी मागत होती. तो विहिरीवर गेला, पण भरलेला पोहरा त्याला वर ओढवेना. शेजाऱ्यांची दारं ठोठावली. भीतीनं कुणी उघडलं नाही. "दिस मावळस्तवर मागत हुती," एवढंच म्हणाला आणि उठून कामाला लागला.

मे संपता संपता कामावर जुलाब-वांत्या सुरू झाल्या. पटकीच ती. माझा संशय तिथल्या विहिरीवर होता. मी तिच्यावर बाभळीच्या काट्या टाकायला लावल्या आणि गहिनीनाथला बजावलं, "कुणी मेलं तरी हे पाणी द्यायचं नाही. टँकरचंच द्यायचं." कुणी मेलं तरी! जीभ झडली नाही माझी तेव्हा.

चौथ्या दिवशी सकाळी राहीबाईच आजारी पडली. टँकर आलेला नव्हता. मी डॉक्टरांची जीप आणायला सायकलवर टांग टाकली, तेवढ्यात गहिनीनाथ आडवा आला. "साहेब, ती पानी मागतीया."

"टँकर येईलच इतक्यात," मी म्हणालो. विहिरीचंच उकळून दे, एवढं सांगायला हवं होतं. घाईत ते मला सुचलं नाही.

जीप मिळेपर्यंत दुपार टळली. परत आलो तर टँकरचा पत्ता नव्हता. काट्या बाजूला ओढलेल्या होत्या. गहिनीनाथचे हात कोपरापर्यंत ओरखडले होते आणि तो राहीबाईच्या तोंडाला तांब्या लावून बसला होता. पाणी आत जात नव्हतं, मानेवरून ओघळत होतं. डॉक्टरांनी सलाईनसाठी शीर शोधली. ती सापडेना. तिथंच राहीबाई गेली.

जीपपाशी डॉक्टर मला हळूच म्हणाले, "अंगातलं पाणीच संपलं. सकाळपासून कुठलंही पाजत राहिले असते, तरी कदाचित वाचली असती."

तिसऱ्या दिवशी गहिनीनाथ माझ्याकडं आला. "खरं सांगा साहेब. तुमी सांगितलं म्हनून दुपारपत्तुर दम धरला. पर तेच मागनं दुसऱ्यांदा आइकवंना मला. त्या पान्यानं गेली का ती?"

नाही म्हणावं, तर त्याला कळणार की सकाळीच द्यायला हवं होतं, आणि आडवा आला तो माझा शब्द. हो म्हणावं, तर मीच त्याला जिवंतपणी मारल्यासारखं. मी भित्रा माणूस. म्हणालो, "तिचं आयुष्यच तेवढं होतं, गहिनीनाथ."

त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं नव्हतं, मला दिसत होतं. बाहेर टँकर येऊन उभा होता. तो जाऊन तांब्या भरून घेऊन आला आणि आधी माझ्यापुढं केला.

"घ्या साहेब."

मला तहान नव्हती. मी सगळं पाणी प्यालो.