पाठमोरा साहेब

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे वेलांट्या इकडच्या तिकडे झाल्या असतील आणि अक्षर तर चालत्या एसटीत लिहिल्यासारखं आहे. तेवढं सांभाळून घ्या. पण माझे चुलत सासरे मात्र जसेच्या तसे कागदावर उतरले पाहिजेत, कारण सातारा-सांगली दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी असा दुसरा माणूस मिळायचा नाही.

मी त्यांना मामा म्हणते. आमचं मूळ गाव विट्याजवळ. तिथल्या बाकीच्या पोरांसारखे मामाही तरुणपणीच दूर दक्षिणेत गेले आणि सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान चालवलं. पुढं भट्टी सुटली, सांगलीला आमच्यात राहायला आले, पण पारखायची सवय काही सुटली नाही. कलिंगड कानाशी धरतात, पातेलं नखानं वाजवतात, मुलगी बघायला आलेल्या नवऱ्या मुलाला आधी चहा देऊन तो बशी कशी धरतो ते बघतात. "दुकानात गडी मी च्या पाजून ठेवायचो," म्हणतात. "पिताना ज्याची नजर सोन्याकडं गेली, त्याला बशीसकट भाईर!"

गेल्या वर्षी आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वेल्डिंगचं काम सुटलं आणि घरात पगार यायचा थांबला. कुपवाडच्या एका कारखान्यात कॅन्टीनला स्वयंपाकीण हवी होती, पण आधी साहेबांपुढं मुलाखत. परक्या माणसापुढं माझी जीभ टाळ्याला चिकटते. मला बोलती करायची कामगिरी मामांनी अंगावर घेतली. मोबाइलवर मुलाखतीचे व्हिडिओ बघून दिसेल त्याला प्रश्न विचारायला लागले. गॅसवाल्याला म्हणाले, "पाच वर्सांनी तुमी कुटं असाल?" तो घाम पुसत म्हणाला, "ह्याच जिन्यात, आजोबा, टाकी खांद्यावर घिऊन."

"खरं बोलला," मामा म्हणाले. "घ्या ह्याला!"

माझ्या वेळेला मात्र गाडं अडलं. सासऱ्यांसमोर खुर्चीत बसायची आमच्यात रीत नाही. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यापुढं मी उभी, तीही खाली बघून. मी पदर सावरत दारातच थांबले. मामांनी थोडा विचार केला, आपली खुर्ची उचलून भिंतीकडं तोंड करून मांडली आणि तिच्यात बसून म्हणाले, "आता मी काय बघत न्हाई. या बाई, बसा. सोताबद्दल दोन शब्द सांगा."

स्वयंपाकघरातून चुलत सासूबाई म्हणाल्या, "आवं, भिताडाची मुलाखत घेताय व्हय? पगार किती देणार भिताडाला?"

"तू गप. सायेब कामात हाय."

मग रोज दुपारी मी त्यांच्या बनियनच्या पाठीला उत्तरं द्यायची. "मोठ्यानं बोला, बाई. पाठीला कान नसत्यात."

मुलाखतीच्या दिवशीचे साहेब माझ्या भाच्याच्या वयाचे, पण तोंड माझ्याकडं करून बसलेले! "काय काय येतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी खाली बघत पदर सावरत बसले. त्यांनी पुन्हा विचारलं, मग माझा अर्ज बाजूला सरकवला. गेलं काम, असं मनात म्हणते तेवढ्यात बाहेर यंत्र धडाडलं आणि साहेब उठून खिडकी लावायला वळले. खिडकी जाम. मला त्यांची पाठ दिसली मात्र, तोंडाचं कुलूपच उघडलं.

"भाकरी येती, आमटी येती. बारशापासून तेराव्यापर्यंत सगळी जेवणं केल्यात. पन्नास पानं बसू द्यात न्हाईतर पाचशे, मीठ चुकायचं न्हाई. शिळं वाढणार न्हाई. सुट्टी घेतली तर सांगून घीन!" साहेब वळले तरी मी थांबेना.

"अहो ताई, पुरे!" ते हसत म्हणाले. "सोमवारपासून या."

घरी आले तर मामा फाटकातच उभे होते. "कसा हुता सायेब?"

"पाठमोरा," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. सासूबाईंनी घरात होती ती साखर सगळ्या गल्लीत वाटली.

मग मामांनी भिंतीकडची खुर्ची फिरवली आणि समोर दुसरी मांडली. "बस. पगारी माणसानं उभं ऱ्हायचं न्हाई."

मी बसले. चहा आला. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट बघितला. डावी भुवई अर्धी जळालेली होती. भट्टीची झळ असणार. मला ते माहीतच नव्हतं. धीर करून म्हटलं, "मामा, आता तुमी सांगा. सोताबद्दल दोन शब्द."

सगळ्यांना प्रश्न विचारणारा माणूस तो. भुवईवरून बोट फिरवत बसला. चहा बशीत ओतला, परत कपात ओतला. शेवटी हळूच म्हणाले, "पोरी, जरा तिकडं तोंड कर बघू."

मी माझी खुर्ची भिंतीकडं वळवली, तेव्हा कुठं ते बोलायला लागले.