दोरावरचा दत्ता

धरमतरच्या जेट्टीवर ओल्या काथ्याच्या दोराचा वास आला आणि मला फौजेतलं पीटीचं मैदान आठवलं. मी तिथे उस्ताद, म्हणजे नव्या जवानांना कसरत शिकवणारा, होतो. रोह्याचा दत्ता हा एकटाच रिक्रूट माझ्या मुलखातला. एका सकाळी तो दोर चढताना मध्येच थांबला.

"उस्ताद, खांदा लय दुखतोय. नाय जमत."

बाकीचे हसले. गाववाल्याला सवलत दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून मी ओरडलो, "चढ!"

तो चढला आणि वरून पडला. खांदा कायमचा गेला. त्याला घरी पाठवलं.

निघताना म्हणाला, "माझीच चूक झाली, उस्ताद." मी नुसती मान डोलावली.

आता वाटतं, खांदा दुखतोय हे तो आपला माणूस म्हणून मला सांगत होता. मी राहतो त्या पेणहून रोहा तासाभरावर. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, अजून त्याला भेटायला गेलो नाही.