साडूंनी साफ केलेली सीडी

आमच्या साडूंइतका धास्तावलेला माणूस नांदेड-लातूरच्या दरम्यान दुसरा सापडणार नाही, आणि अशा माणसाच्या टेबलावर मी गेल्या गेल्या चहाचा कप एका चकचकीत तबकडीवर टेकवला. मला ती बशी वाटली. निघाली जीवशास्त्राच्या तासाची, हृदयाच्या धड्याची सीडी. "पाव्हणं, हृदयावर कप ठेवलात की!" असं ओरडून साडूंनी ती उचलली, उजेडात धरली आणि ताप आलेल्या लेकराकडं बघावं तसे तिच्याकडं बघत राहिले.

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. एका क्लासचे तास साडू कॅमेऱ्यात घेत आणि जळकोटकडच्या पोरांना घरच्या टीव्हीवर दिसावेत म्हणून कॉम्प्युटरवरून सीडीवर उतरवत. बाकीचे लोक एका सीडीत दोन-तीन तास कोंबत. साडू एकच भरत. "जास्त कोंबलं की चित्र फाटतंय. दहाच्या डोक्यावरचा बारका आकडा पुसला तर पोरगं डॉक्टर कसं व्हायचं?" सीडी राइट होत असताना घरात कुणी चालायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, दार आपटायचं नाही. भूकंपापासून त्यांना कसलाच हादरा सोसत नसे. रस्त्यावरून ट्रक गेला तरी ते दोन्ही हातांनी टेबल धरत. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची अक्का, कुकरसुद्धा त्यांना विचारून लावी.

त्या खेपेला बायकोही बरोबर होती, आणि काम तर आमचंच होतं. आमच्या लग्नाच्या कॅसेटला बुरशी लागली होती. नांदेडच्या दुकानदारानं ती कशीबशी कॉम्प्युटरवर उतरवली आणि फीत तुटली. उरली एक फाइल. तिच्यात माझ्या सासूबाई होत्या. त्या भूकंपात गेल्या, घरातले फोटोही ढिगाऱ्यात गेले. दोघी बहिणींना आईचा चेहरा उरला तो एवढाच. चित्रात सगळीकडे मुंग्या चालल्यासारखे ठिपके होते, ते काढत साडू दिवसभर बसले. कुणी डोकावलं की, "थांबा, लख्ख करायलोय!"

संध्याकाळी सीडी लागली. मांडव इतका स्वच्छ, की माझ्या डोक्यावरचे केस मोजता आले असते, तेव्हा होते. मग सासूबाई आल्या, लेकीला कुंकू लावायला. चेहरा गुळगुळीत, नुकता रंग दिल्यासारखा. बायको टीव्हीजवळ सरकली.

"दाजी, आईचं गोंदण कुठं गेलं? हनुवटीवरचं?"

साडूंचा हात टेबलाकडं गेला. ट्रक वगैरे काही नव्हता. "तोंडावर ठिपके लई दिसले गं," ते पुटपुटले, "म्हणून तिथं जास्त पुसलो."

अक्का तोंडाला पदर लावून आत गेली. साडू परत कॉम्प्युटरपुढं बसले आणि मूळची फाइल उघडली. या वेळी काहीच पुसलं नाही. नव्या सीडीवर फक्त सासूबाई होत्या तेवढा भाग घेतला, म्हणजे दाटी नको. तो लावला तेव्हा पडद्यावर वाळू उडत होती, आणि त्या वाळूत हनुवटीवर हिरवट गोंदण होतं. दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून बसल्या. साडू तेवढे भिंतीकडं तोंड करून उभे होते.

आम्ही नांदेडला पोचतो न पोचतो तोच त्यांचा फोन. "पाव्हणं, जिवाला चैन न्हाई. चित्र लई घाण राहिलं. अजून एकदा बसू का?"

मी फोन बायकोच्या हातात दिला.

"दाजी, आता हात लावू नका," ती म्हणाली. "आईला आम्ही रोज चुलीच्या धुरातनंच बघितलं. लख्ख ती कवा दिसली होती?"