सरावाची लग्नपत्रिका

आमच्या तांड्यातून कॉलेजात जाऊन पदवी घेणारा मी पहिला. हे मी सांगायला लागलो की लोकांना वाटतं, बढाई मारतोय. मारतोच. घरात वीज धड नव्हती तेव्हा मी यवतमाळला कॉम्प्युटरमध्ये बी.एस्सी. केलं, तर सांगू नको काय?

दारव्ह्याकडच्या एका जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचं, सगळं नेटवर्क मी एकटा सांभाळतो. ऑफिसातला सर्व्हर, वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर, गोदामातले कॅमेरे, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या तारा. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते. काट्यावरचं वजन सर्व्हरवर आलं नाही तर बिल निघत नाही, आणि बिल निघालं नाही तर रांग हलत नाही. म्हणून आमचे मालक, ज्यांना सगळे शेठजी म्हणतात, मला 'इंजिनिअर साहेब' अशी हाक मारतात. मी इंजिनिअर नाही. पण ही चूक मी कधी दुरुस्त केली नाही.

गेल्या हंगामाच्या तोंडावर ओळखीतल्या दुसऱ्या एका जिनिंगचा सर्व्हर कोणीतरी बाहेरून कुलूपबंद करून टाकला. तिथल्या माणसानं मोबाइलवर आलेलं काहीतरी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडलं होतं. शेठजींनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"आपल्याकडं असं होईल काय?"

"भिंत पक्की आहे, शेठजी. पण आतल्या माणसानंच दार उघडून दिलं तर मी काय करू?"

हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं. मग मी सगळ्या स्टाफला बसवून शिकवलं. अनोळखी नंबरवरून लिंक आली तर उघडायची नाही, सख्ख्या भावाच्या नावानं आली तरी नाही. लोक माना हलवत होते आणि हातातला मोबाइल बघत होते. तेव्हा मी शेठजींना म्हणालो, सराव घेऊ. आपणच एक खोटा मेसेज पाठवू. प्रत्येकाची लिंक वेगळी ठेवतो, म्हणजे कोणी उघडली ते माझ्या लॅपटॉपवर कळेल. उघडणाऱ्याच्या मोबाइलवर पाटी येईल: 'हा सराव होता. तुम्ही फसलात.'

"पण पाठवणार काय?"

लग्नपत्रिका. बक्षीस लागलं म्हटलं तर आता शाळेतली पोरंही उघडत नाहीत. पत्रिका उघडतात, कारण बोलावणं बघितलंही नाही असं कसं करायचं? शेठजींच्या धाकट्या मुलाचं कुठंतरी जमतंय अशी कुजबुज होतीच. मी त्याचंच लग्न लावलं. नवरी मारेगावकडची दाखवली, म्हणजे लांबचं, इथं कोणी चौकशी करणार नाही. एका मंगल कार्यालयाचं नाव बनवलं. येत्या रविवारची दुपार टाकली. 'सहकुटुंब यावे, आपल्याशिवाय कार्यास शोभा नाही' असं लिहिलं आणि खाली लिंक दिली, 'संपूर्ण पत्रिका पाहण्यासाठी'.

वाचून शेठजी खो खो हसले. "माह्या पोराचं लग्न लावून मोकळे झाले तुमी! पाठवा. पण सोमवारच्या मीटिंगपर्यंत कोणी कोणाले काही सांगायचं नाही."

नवीन सिमवरून मेसेज गेला आणि संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळे फसले. कॅशियर फसला, कापसाची प्रत ठरवणारा फसला, मॅनेजर तर दोनदा फसला. जो तो आपलं हसं नको म्हणून गप्प बसला. न उघडणारा एकच निघाला, वजनकाट्यावरचे काका.

हे काका शेठजींच्या वडिलांच्या वेळेपासून काट्यावर आहेत. मी सकाळी आत शिरताना "जय भीम, काका" म्हणतो, ते उठून उभे राहतात आणि "जय भीम, सर" म्हणतात. बसा म्हटलं तरी उभेच राहतात. माझ्या बापाच्या वयाचे आहेत. शिकवलेलं एका तरी माणसानं ऐकलं म्हणून मला बरं वाटलं. शेठजींना म्हटलं, जो फसला नाही त्याचा मीटिंगमध्ये सत्कार करू. तो कोण ते मात्र सांगितलं नाही, म्हटलं तिथंच कळू द्या.

सोमवारी मीटिंगच्या आधी मी सर्व्हरच्या खोलीत होतो. काका दारात आले. हातात कापडी पिशवी.

"सर, एक काम होतं. शेठजी केबिनमंधी हायत काय?"

"यायचे आहेत. काहून?"

"माफी मागाची होती जी. लग्नाले पोचलोच नाही आम्ही."

मला पटकन कळलंच नाही. "कोणत्या लग्नाला?"

"छोट्या मालकाच्या. मारेगावले गेलतो, मी अन् घरची. यष्टीनं यवतमाळ, तिथून दुसरी गाडी. सारं मारेगाव पालथं घातलं बापा, पण ते कार्यालय काही सापडलं नाही. इकडं इचार, तिकडं इचार. एक पानवाला म्हणे, अशा नावाचं कार्यालय आमच्या गावात नाहीच. मग मलेच वाटलं, माह्या वाचण्यात चूक झाली." त्यांनी पिशवी थोडी उघडून दाखवली. आत साडी होती, वर ब्लाउजपीस. "आहेर तसाच राहिला. शेठजी म्हणतील, एवढ्या मानानं बोलावलं अन् हे आले नाही."

मी विचारलं, "पण काका, तुम्ही लिंक तर उघडली नाही?"

"तुमीच सांगतलं होतं न जी, अनोळखी नंबरचं उघडाचं नाही म्हून. नाही उघडलं. तारीख अन् गाव तर वरतेच लिहेल होतं. बोलावणं शेठजीचं, मंग नंबर कोणाचाबी असो."

मला आठवलं. शेठजींच्या मोठ्या मुलीच्या लग्नात ऑफिसातल्या सगळ्यांना पत्रिका होत्या. नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं, तरी मला होती. काट्यावरच्यांना आणि हमालांना नव्हत्या, त्यांना दुसऱ्या दिवशी गेटवर बुंदीचे डबे वाटले. तो डबा घेताना काकांना मी पाहिलं होतं. आमच्या तांड्यात लग्नाचं बोलावणं घरोघर जाऊन देतात. एक घर सुटलं तर ते घर वर्षभर बोलत नाही, आणि चूक सोडणाऱ्याचीच धरतात. हे सगळं मला ठाऊक होतं. पत्रिका लिहिताना मात्र कोण किती भोळा एवढंच मी बघत होतो.

ते केबिनकडे वळले तसं मी त्यांना आत ओढलं, दार लावलं आणि सांगून टाकलं. लग्न नव्हतं. पत्रिका मी बनवली. तो सराव होता.

काका आधी हसले. खरोखरच हसले. "अरे बापा! म्हंजे आमी इंजिनिअर साहेबाच्या लग्नाले गेलतो!" मग पिशवीचं तोंड बंद करत म्हणाले, "म्हंजे शेठजीनं बोलावलं नव्हतंच."

मी खुर्ची पुढे केली. ते उभेच राहिले.

"घरचीनं चार घरी सांगून ठेवलं, मालकाच्या घरून बोलावणं आलं म्हून."

काहीतरी चांगलं सांगावं म्हणून मी म्हणालो, "काका, पण सगळ्यांत तुम्ही एकटेच पास झालात. आज तुमचा सत्कार आहे."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "नका जी. सर, हात जोडतो. सत्कार केला तर इचारतील, लिंक उघडली नाही, मंग मेसेज वाचून केलं काय? माह्यानं खोटं बोलणं होत नाही. सारी जिनिंग हसन. काटेवाला मारेगावले जेवाले गेलता म्हणतील." मग म्हणाले, "मलेबी त्यायच्यातच टाका."

"पण तुम्ही उघडली नाही ना, काका."

"टाका न जी. फसणारे तर सारेच हायत. त्यात काही लाज नाही."

मीटिंगमध्ये भिंतीवर फसलेल्यांची नावं दाखवली. त्यात काकांचंही होतं, मीच टाकलेलं. शेठजी वरून खाली वाचत गेले.

"इंजिनिअर साहेब, तुमी तर म्हणत होते, सत्कार करू. एकबी पास नाही?"

"नाही, शेठजी. मोजण्यात माझी गडबड झाली होती."

"आन् काटेवाले, तुमीबी? तुमाले कायची घाई झालती माह्या पोराच्या लग्नाची?"

खोलीत हशा पिकला. मॅनेजर सगळ्यात मोठ्यानं हसला. काका मागच्या भिंतीपाशी उभे होते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं, शेठजी. राहवलं नाही."

शेठजींनी हसता हसता माझ्याकडे पाहिलं.

मीही हसलो.