ब्लाउजपीसचं तोरण

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा बहिणीने डोंबिवलीहून फोन केला. "दादा, तुझ्याकडचं केळवण आपण नौपाड्यात हॉटेलातच करू. उगाच तुला एकट्याला त्रास." मी म्हटलं, घरीच होईल. ती म्हणाली, "अरे, पण करणार कोण?" मी म्हटलं, "मी करणार. मी काय मेलोय?" बोललो आणि जीभ चावली, कारण आमच्या घरातलं जे माणूस गेलं होतं ते मी नव्हतो.

बायकोला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. आम्हाला मूलबाळ नाही. ही भाची लहानपणी सुट्टी लागली की ठाण्यात बाळकुमला आमच्याकडे राहायला यायची, आणि बायको तिच्या ताटात पुरी वाढताना म्हणायची, "तुझं केळवण मी इथेच करणार, याच घरात. हॉटेलबिटेल काही चालणार नाही." तिचा तो शब्द मला पाळायचा होता. एरवी मला समारंभांची काडीचीही हौस नाही.

पण आता केळवण म्हणजे नुसतं जेवण राहिलेलं नाही. फोटो लागतात, आणि फोटोसाठी पाठीमागे काहीतरी लागतं. भाचीच्या मैत्रिणींनी तिच्यासाठी ब्रायडल शॉवर का काय तो केला होता, त्याचे फोटो तिने मला पाठवलेले. गुलाबी फुगे, चमचमते पडदे, मधोमध ही. मी एका सजावटवाल्याला फोन लावला आणि त्याचा भाव ऐकून ठेवून दिला. म्हटलं, जन्मभर ड्राफ्ट्समन म्हणून रेघा मारल्या, आता काय हात झडलेत माझे?

घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यांच्या सोनेरी कडा कापून मी 'केळवण' अशी अक्षरं केली आणि मिक्सरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवली. तोरणाला कापड हवं होतं. कपाटाचा खालचा कप्पा उघडला तर तिथे ब्लाउजपीसची ही चळत. बायको कुणाकडे गेली की ओटीत एक घेऊन यायची आणि पुढच्या घरी जाताना त्यातलाच एक घेऊन जायची. शिवलेला मी एकही पाहिला नाही. मी चिडवायचो, हे कापड अख्ख्या ठाण्यात नुसतं फिरतंय. ती म्हणायची, "फिरू दे की, तुमचं काय जातंय?"

मी ते सगळे कापले. पट्टी लावून त्रिकोण आखले, कडेला दुमड घातली, एका सुतळीवर ओवले. उरलेल्या तुकड्यांची फुलं केली. आठवडाभर दुपारी तेच करत होतो. घरात कात्रीशिवाय कसलाही आवाज नसायचा. मधेच दोन तुकडे शेजारी धरून, "हिरव्यापुढे जांभळा बरा दिसेल का गं?" असं विचारायला तोंड उघडायचं आणि तसंच मिटायचं. हळूहळू सवय होते, असं सगळे सांगतात. मला झालेली नाही.

केळवणाच्या दिवशी श्रीखंड दुकानातून आणलं, पुऱ्या पोळीभाजी केंद्रातून. वरणभात आणि बटाट्याची भाजी माझी. चिमटीतून रांगोळी सरळ पडेना, म्हणून आधी खडूने आखून घेतली आणि वरून भरली. भाची आली, भिंतीकडे बघत दारातच उभी राहिली. "मामा, हे तू केलंस?" मी म्हटलं, "नाहीतर काय, फुगेवाला आला होता?" ती हसली. खूप दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसलं, आणि मी फुशारलो.

तिला पाटावर बसवलं, पाठीमागे तोरण, पुढे ताट. बहिणीने फोटो काढले. मी आतून पुऱ्या घेऊन बाहेर आलो की भाची मान वर करायची, माझ्याकडे बघायची आणि पुन्हा खाली घालायची. मला वाटलं, पुऱ्या गार असतील. आत जाऊन तव्यावर गरम करून आणल्या. तरी तेच.

जेवण झाल्यावर ओटी भरायची होती. घरात दुसरी बाई नाही, म्हणून बहिणीनेच भरायचं ठरलेलं. नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळं मी आठवणीने काढून ठेवलं होतं. ती म्हणाली, "आणि ब्लाउजपीस?" मी मोठ्या तोऱ्यात कपाटाकडे गेलो, कप्पा उघडला आणि कपाळाला हात लावला.

बहीण मागून आली. रिकामा कप्पा बघितला, मग भिंतीवरचं तोरण. "दादा, अरे ओटीचं कापड कुणी कापतं का?"

"मला काय ठाऊक? नुसते पडून होते."

"पडून नव्हते रे. वहिनीने द्यायला ठेवले होते."

खाली दुकान आहे, पटकन घेऊन येतो, म्हणून मी चपला घालायला लागलो. तेवढ्यात भाची पाटावरून उठली. "मामा, थांब. दुकानातला नको मला." तिने तोरणाची एक गाठ सोडली, मग दुसरी, आणि सगळं हातावर गुंडाळून परत पाटावर बसली. पदर पसरला. "आई, हे घाल." बहीण म्हणाली, कापलेलं घालत नाहीत गं. ती म्हणाली, "मामीच्या कप्प्यातलं आहे ना? मग घाल."

बहिणीने घातलं. घालताना ती रडली, भाचीही रडली, आणि मी उगाचच ताटं उचलत राहिलो.

त्या दोघी रिक्षात बसून गेल्या. मी वर आलो. भिंतीवर चिकटपट्टीचे डाग आणि तो पुठ्ठा तेवढा उरला होता. रांगोळी पुसायला म्हणून खाली वाकलो, गुडघा दुखला, तर पाटावरच टेकलो, ती बसली होती तिथेच.

तिथून भिंत दिसत नाही. ती पाठीमागे राहते. समोर दिसतं ते स्वयंपाकघराचं दार. लहानपणापासून त्याच दारातून मामी हातात पुऱ्यांची परात घेऊन यायची, आणि आज प्रत्येक वेळी मान वर करून पोरीने बघितलं तेव्हा आलो तो मी. आठवडाभर मी पाठीमागची भिंत सजवत बसलो होतो. त्या दारासाठी माझ्याकडे काहीच नव्हतं. तिला तिथे मामी हवी होती, आणि मलाही तीच हवी होती.