उकिरड्याची आई

ती घटना आजही आठवते, आणि डोळ्यांआधी नाकाला आठवते. सोनिवलीच्या पलीकडच्या एका पाड्यावर तपासाला गेलो आणि सायकलवरून रुबाबात उतरताना थेट उकिरड्यात गुडघाभर रुतलो. पाड्यावरची पोरं खिदळली. आई मला जन्मापासून धोंडू म्हणायची, ते उगाच नाही, असं मनात आलं.

फाळणीनंतरचे दिवस. उल्हासनगरच्या कॅम्पातून एका सिंधी निर्वासित बाईचा तीन वर्षांचा मुलगा हरवला होता. ती रोज आमच्या पोलीस ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची. अशात खबऱ्याने बातमी आणली: या पाड्यावर एका बाईकडे त्याच वयाचं गोरं पोर आहे, आणि ती स्वतःच म्हणते, माझं नाही.

बाई खळ्यावर भात झोडत होती. पोराला सगळे ‘उकिरड्या’ म्हणत होते.

“पोर कुणाचं?”

“माजा नाय, सायेब. उकिरड्यावर गावला.”

इतका सरळ कबुलीजबाब मला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. छाती फुगली. बाईला आणि पोराला घेऊन ठाण्यात आलो. त्यांच्यामागून एक शेजारीणही आली.

ओळख पटवायला कॅम्पातल्या बाईला बोलावलं. ती धावत आली, पोराचं तोंड ओंजळीत धरलं आणि मटकन खाली बसली.

“साहब, ये मेरा नहीं है.”

मी पाड्यावरच्या बाईकडे वळलो. “मग तुझंच ना?”

“नाय जी.”

टेबलावर बसवलेलं हसरं पोर, समोर दोन बाया, आणि दोघीही माझं नाही म्हणतात. मी हबकलो. हबकलेला पोलीस करतो तेच केलं, आवाज चढवला. “खरं सांग, नाहीतर तुला कोठडीत घालतो आणि पोराला अनाथाश्रमात धाडतो!”

तिने हात जोडले. “मला घाला कोठडीत. त्याला नका धाडू.” पण ‘माझा’ एवढा शब्द काही तिच्या तोंडून येईना.

शेवटी कॅम्पातली बाईच डोळे पुसत म्हणाली, “माँ यही है, साहब. देखो ना, बच्चे ने पल्लू किसका पकड़ा है.”

तेव्हा शेजारणीने तोंड उघडलं. “हिची चार पोरं गेली, सायेब. ह्यो झाला तवा हिनं उकिरड्यावर ठेवला, मी उचलला न् हिला पोसायला दिला. मरण दारात आलं तर त्याला वाटावं, ह्यो हिचा नायच. ही ‘माजा’ बोलली की खेळ खलास. हिच्याकडून वदवू नका.”

कोठडीपेक्षा मोठी भीती त्या बाईपुढे उभी होती आणि मी तिला काठी दाखवत होतो. शेजारणीचाच जबाब घेऊन दोघांना सोडलं.

हरवलेला मुलगा पुढे अंबरनाथला एका नातलगाच्या बिऱ्हाडी सुखरूप सापडला. उकिरड्या मोठा होऊन कारखान्यात लागला. शाळेतलं चांगलं नाव हजेरीपुरतं. लग्नाच्या मांडवातही तो उकिरड्याच, आणि आई त्याला शेवटपर्यंत ‘शेजारणीचा’ म्हणत राहिली. साक्षीदार भीतीने खोटं बोलतो हे मला शिकवलं होतं. ती भीती दरवेळी पोलिसांचीच नसते, हे त्या दिवशी कळलं.

त्याच संध्याकाळी बरबटलेले बूट दाराबाहेर काढून बायकोला सगळं सांगितलं आणि वर म्हणालो, “काय एकेक नावं ठेवतात लोक!”

भाकरी थापता थापता तिचे हात थांबले.

“तुमच्याआधीची तीन गेली होती. सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं. देवाला वाटावं, हा नुसता धोंडा, नेऊन काय करायचाय. चारचौघांत त्यांनी तुमचं कधी कौतुक केलं नाही, म्हणून अजून कुढता ना तुम्ही?”