पुढच्या सीटवर एफी

स्कॉटलंडमधला जेडबरा ते केल्सो हा रस्ता एफी टर्नबुलनं तीस वर्षं पाहिला, पण आडवा. डावीकडच्या मेंढ्या पाहिल्या, उजवीकडची टिव्हियट नदी पाहिली. समोर मात्र कायम वॉल्टरची पाठ. नवराबायकोची दोन सीटांची जोडसायकल होती. मागचं हँडल नुसतं धरायला. वळवायचं, थांबवायचं, हुकूम सोडायचं काम पुढच्याचं. दर शनिवारी वॉल्टर पुढून ओरडायचा, "खड्डा!" "गिअर!" "एफी, पाय मारतेस की देखावा बघतेस?"

"मारतेय की!" एफी मागून गायची.

एफी शाळेच्या खानावळीत वाढपी होती. दोनशे पोरं बटाट्यांवरून भांडायला लागली की तिची एक हाक पुरायची. चमचे हवेतच थांबायचे. पण सायकलवर बसली की ती मागची.

या वसंतात वॉल्टरच्या नजरेच्या बरोब्बर मधोमध धुकं येऊन बसलं. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. हे निवळणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. घरी येऊन त्यानं सायकल विकत घ्यायला तयार असलेल्या हॉइक गावच्या एका माणसाला फोन लावला. सोमवारी या, सायकल घेऊन जा.

"मी बसते पुढे," एफी म्हणाली.

"तू? तुला दुकानातली ढकलगाडी सरळ नेता येत नाही."

"तिचं चाक वाकडं होतं."

"दर वेळी?"

"ऐक, म्हाताऱ्या. शनिवारी केल्सो. मी पुढे, तू मागे. मोठ्या चढावर माझा पाय जमिनीला लागला, तर सोमवारी खुशाल दे. नाही लागला, तर त्या माणसाला तूच फोन करून नाही म्हणायचं."

"तोंडावर आपटशील."

"आपटले तर तुझ्यासकट."

शनिवारी निघताना गावचा खाटीक आपल्या दुकानाच्या दारात येऊन उभाच होता. "काय रे वॉल्टर, सीट चुकली?"

"चुकली नाही बाबा, कब्जा झालाय!"

"तू तुझे सॉसेज बघ!" एफी ओरडली आणि तेवढ्यात कडेच्या कुंडीवरच जाणार होती.

पहिला मैलभर सायकल झिंगल्यासारखी चालली. एका खड्ड्यात दणका बसला तसा मागून आवाज आला, "अगं, सांग तरी! माणूस बसलाय, पोतं नाही!"

तेव्हा एफीनं घसा खाकरला आणि थेट वॉल्टरच्याच आवाजात, नाकातून, हुकूम सोडला, "खड्डाऽ! गिअरऽ!"

"मी असा ओरडत नाही."

"याहून वाईट ओरडतोस."

थोड्या वेळानं तिला काहीतरी खटकलं. उजव्या हाताला नदी हवी होती, तिथं बार्लीचं शेत होतं. समोर बघत आलेली बाई वळण विसरली होती, कारण ते वळण तिनं समोरून कधी पाहिलंच नव्हतं.

"डुकरांचा वास मागे पडला," वॉल्टर शांतपणे म्हणाला. "वळण गेलं."

"आधी नाही सांगायचं?"

"मागच्यानं मध्ये बोलायचं नसतं."

"मी नाही का बोलायची?"

"तेच म्हणतोय. किती त्रास व्हायचा!"

एफीनं एका शेताच्या फाटकापाशी सायकल फिरवली आणि दात आवळून मागे नेली.

मग तो चढ आला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मोठ्या ओकच्या झाडापाशी पायडल एकाएकी शिशासारखं जड झालं. एफीनं लगेच ओळखलं. ओकपासून दगडी भिंतीपर्यंत ती स्वतः तीस वर्षं असेच पाय नुसते फिरू द्यायची.

"वॉल्टर! पाय मारतोस की देखावा बघतोस?"

"मारतोय की!" तोही गायला, हुबेहूब तिच्या आवाजात.

"तुला माहीत होतं?"

"पायाला कळतं गं. तू इथंच सोडायचीस."

"मग वर पोचल्यावर मला पुदिन्याची गोळी कशाला द्यायचास?"

"वर पोचायचो ना दोघं?"

सायकल हलायला लागली. पुढचं चाक डावीकडे कलंडू बघत होतं. एफीचा डावा पाय पायडलवरून सुटला आणि जमिनीपासून वीतभरावर लोंबकळला.

"तुला हरायचंय," ती धापा टाकत म्हणाली. "मुद्दाम करतोयस."

मागून हळूच आवाज आला, "मला ओझं व्हायचं नाही, एफी."

"मग होऊ नकोस! ढकल!"

ही खानावळीतली हाक होती. कुंपणापलीकडच्या मेंढ्यांनी चरणं थांबवलं. आणि पायडल फिरलं. आधी करकरत, मग जोरात. लोंबकळणारा पाय वर आला, जागेवर बसला. भिंत आली, गेली. माथ्यावर एफीनं पुढच्या पिशवीत हात घातला आणि जेडबऱ्याची ती गोगलगाईच्या आकाराची पुदिन्याची एक गोळी खांद्यावरून मागे धरली. वॉल्टरनं चाचपडत घेतली.

"अर्ध्या चढाची एकच," ती म्हणाली. "उरलेल्याची पुढच्या शनिवारी."

केल्सोच्या चौकात दगडी फरशीवरून सायकल खडखडली तसे दोघांचे दात एकमेकांवर आपटले. बाकावर बसून एफीनं खिम्याची गरम पेस्ट्री तोंडात कोंबली आणि फोन त्याच्या हातात दिला. वॉल्टरनं सुस्कारा टाकला आणि नंबर लावायला सांगितला.

"हां, टर्नबुल बोलतोय. सोमवारी येऊ नका. नाही हो, भाव वाढवायचा नाहीये. थांबा, आमच्या कप्तानाशी बोला."

एफीनं घास गिळायचीही वाट न पाहता फोन ओढून घेतला.